नमस्काराचं अ‍ॅव्हरेज

काटा : निम्म्याच्या जरा वर

"तुमच्या गाडीला अ‍ॅव्हरेज नाही," असं मोरेनिके म्हणाली तेव्हा माझ्या हातात अमालाचा, म्हणजे कंदाच्या पिठाच्या उकडीचा, घास होता. आमच्या घरात महत्त्वाचे विषय माझं तोंड भरलेलं असतानाच निघतात. तेव्हा उत्तर येत नाही, हे माझ्या बायकोने सव्वीस वर्षांत हेरून ठेवलं आहे.

'तुमच्या गाडीला' हे शब्दही लक्षात घ्या. चर्चच्या दारात उभी असते तेव्हा ती 'आपली गाडी' असते. पंपाच्या रांगेत लागली की 'तुमची'.

"वीस लिटर भरलं होतं, आठ दिवसांत संपलं. शाळा सहा किलोमीटरवर. तुम्ही काय रोज लागोसला जाऊन शिकवता?"

"गाडी जुनी झालीय, फिकायोची आई."

"मीही जुनी झालेय. मी काय जास्त खाते?"

या प्रश्नाला इबादान शहरात आजवर एकाही नवऱ्याने उत्तर दिलेलं नाही. मी घास गिळला.

मग तिने फर्मान काढलं. आज रविवार. आज पुन्हा वीस लिटर भरलं आहे. ते पंधरवडाभर पुरलं पाहिजे, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या रविवारी सूर्य मावळेपर्यंत. पुरलं तर गाडी राहील. नाही पुरलं तर कोलापो येऊन घेऊन जाईल.

कोलापो हा तिचा धाकटा भाऊ. लागोसला असतो. त्याचा बर्फातल्या मासळीचा धंदा आहे.

"त्याला गाडी कशाला हवीय?"

"मासळी पोचवायला."

मी हात धुवायला उठलो, जेवण अर्धं टाकून. इबादानचा माणूस अमाला अर्धा टाकून उठला म्हणजे घरात काय झालं असेल याची कल्पना करा. मी भूगोलाचा शिक्षक, गेली सहा वर्षं उपमुख्याध्यापक. ओके-अयो गल्लीत लहानथोर सगळे मला 'व्हीपी साहेब' म्हणतात. पण हे 'साहेब' पदवीला चिकटलेलं नाही, गाडीला चिकटलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या शाळेत अजून एक उपमुख्याध्यापक आहेत. ते मोटारसायकलच्या मागे बसून येतात. त्यांना मुलं 'तो दुसरा' म्हणतात.


काटा : तिथेच. टिचकी मारल्यावर केसभर खाली

माणूस अडचणीत आला की शेजाऱ्यांना कसं कळतं, यावर संशोधन व्हायला हवं. सोमवारी सकाळी मी बॉनेट उघडलं, आणि ते पूर्ण वर जायच्या आत कुंपणापलीकडून सार्जंट एफिओंग यांचं डोकं वर आलं. सार्जंट कालाबारकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. गल्लीतल्या कोंबड्यांशीसुद्धा ते हुकमाच्या सुरात बोलतात.

"व्हीपी! पेट्रोल जास्त खाते?"

"जरा."

"डांबरगोळ्या! बारा! टाकीत!"

"सार्जंट, त्या कपड्यांत ठेवतात."

"कपड्यांत कसर लागते. इंजिनात काय लागतं? तेच. आमच्या रेजिमेंटचे ट्रक डांबरगोळ्यांवर तीनशे मैल जायचे."

मी शिकलेला माणूस आहे. असल्या भाकडकथांवर माझा विश्वास नाही. म्हणून मी बारा टाकल्या नाहीत, सहाच टाकल्या.

अ‍ॅव्हरेजवर काय परिणाम झाला तो दिसला नाही. वास मात्र गाडीला लागला, गाडीचा मला लागला, माझा शिक्षकांच्या खोलीला लागला. लग्नसमारंभाला ट्रंकेतून काढलेल्या जरीच्या कपड्यांना येतो तसा. मुख्याध्यापकांनी तीन दिवस वाट पाहिली आणि मग दुखावलेल्या आवाजात विचारलं, "लग्न कुणाचं आहे, व्हीपी? आम्हाला सांगितलं नाहीत."

दुसरा हुकूम वजन कमी करण्याचा. डिकीतून जादा टायर निघाला, जॅक निघाला, दोन छत्र्या निघाल्या, आणि पंधरा वर्षांपूर्वीचा भूगोलाच्या पेपरांचा एक गठ्ठा निघाला, तपासायचा राहिलेला. वरचाच पेपर वाचला. मुलगा नापास होता. तो आता दवाखान्यात डॉक्टर आहे, माझा रक्तदाब तोच बघतो. मी गठ्ठा परत बांधला.

मग मागची सीट काढली. ती दिवाणखान्यात भिंतीला लावून ठेवली. मोरेनिकेचं शिवणकामाचं दुकान घरातच पुढच्या खोलीत आहे. माप द्यायला आलेल्या बायका त्या सीटवर बसायला लागल्या. एकीने पट्टाही लावून घेतला.

काचा उघड्या ठेवल्या की वारा गाडीला मागे ओढतो, म्हणून काचा बंद, फक्त नमस्कारापुरत्या उघडायच्या. थंड हवेचं यंत्र पेट्रोल खातं, म्हणून तेही बंद. बंद काचांच्या गाडीत, डांबरगोळ्यांच्या वासात, इबादानच्या मार्च महिन्यात सहा किलोमीटर जाऊन मी शाळेत उतरायचो तेव्हा नुकताच बाप्तिस्मा झालेल्या माणसासारखा दिसायचो. आत्म्याची शांती तेवढी नसायची.

गुरुवारी काटा पाव टाकीच्या जवळ आला. चार दिवसांत नऊ लिटर. मोरेनिकेने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भावाला फोन लावायला आत गेली.


त्याच गुरुवारी : ताओफीकची तपासणी

ताओफीकचं गॅरेज आंब्याच्या झाडाखाली आहे. त्याने इंजिन ऐकलं, प्लग काढून चाटल्यासारखे जवळून पाहिले, टायरांची हवा मोजली आणि म्हणाला, "साहेब, मी शेजारी बसतो. तुम्ही रोज चालवता तशी चालवा. घरापासून शाळेपर्यंत."

आम्ही निघालो. (आमच्याकडे ज्याचं जे चाललं असेल त्याचा नमस्कार करतात. मधे काय बोलणं झालं ते खाली देतो. माझ्या बाजूने मी रोजच्यापेक्षा एक शब्द जास्त बोललेलो नाही.)

"रिसिकातची आई, कामाचा नमस्कार!"

"ओ व्हीपी साहेब, चालवण्याचा नमस्कार! घरचे कसे आहेत?"

"मजेत. तुमचं भजी-पाव जोरात?"

"देवाची कृपा. फिकायो कशी आहे?"

"छान. रिसिकात?"

"छान. फिकायोची आई?"

"छान. गुडघा?"

"गुडघ्याचं काय सांगू..."

(गुडघ्याचं सांगितलं.)

"मामा शिंपी, बसण्याचा नमस्कार!"

"उन्हाचा नमस्कार, व्हीपी! घरचे?"

"मजेत. तुमचे?"

"मजेत. परवा पाहुणे आले होते म्हणे तुमच्याकडे?"

"हो."

"मग पाहुण्यांचा नमस्कार!"

"अरे हो, पाहुण्यांचा नमस्कार!"

पाण्याच्या टाकीपाशी दोन. मशिदीच्या वळणावर एक सायकलवाला, त्याच्यासाठी उतरावं लागतं, कारण तो माझ्या वडिलांबरोबर शिकला. औषधाच्या दुकानात चार, पैकी एक आजारी, म्हणून आजाराचा नमस्कार वेगळा.

शाळेच्या फाटकाशी ताओफीकने डोकं मागे टेकवलं. "साहेब, इंजिनात काही दोष नाही. तुम्ही तेवीस वेळा थांबलात. तेवीस वेळा इंजिन जागच्या जागी चालू, तेवीस वेळा पहिला गिअर." त्याने रुमालाने हात पुसले. "तुमचे नमस्कार पेट्रोल पितात."

"मग काय, नमस्कार सोडू?"

"मी मेकॅनिक आहे," ताओफीक म्हणाला. "मी फक्त सांगतो. आणि उतार लागला की इंजिन बंद करा. फुकट जाते. फक्त तेव्हा ब्रेक..."

ब्रेकचं काहीतरी तो सांगत होता. पण मी तेविसाला चौदा दिवसांनी गुणत होतो.


काटा : पावाच्या खाली

दुसऱ्या सोमवारी सकाळी सात वाजता मी निघालो आणि ठरवलं की वाटेत थांबायचं नाही, नमस्कार करायचा पण गाडी चालू ठेवून, फाटकातून बाहेर, दुसरा गिअर, तिसरा, "रिसिकातची आई, कामाचा नमस्कार, काय म्हणतो..." एवढं तिला आणि "...तुमचा गुडघा?" हे मामा शिंप्याला, मामाने गुडघ्याकडे पाहिलं, तोवर मी "मामा, बसण्याचा नमस्कार, सूनबाईंचं बाळंतपण..." म्हणत पुढे आणि "...नीट झालं ना?" हे कोपऱ्यावर दाढी करून घेत बसलेल्या सार्जंट एफिओंगना, ते न्हाव्याच्या खुर्चीतून उठले, साबणासकट, पण मी टाकीपाशी पोचलो होतो, तिथल्या दोघांना मिळून एक नमस्कार दिला, तो कुणाचा हे त्यांनी आपसात ठरवावं, सायकलवाल्या काकांना बसल्याबसल्याच कमरेत वाकून दाखवलं, त्यात कपाळ स्टीअरिंगला लागून हॉर्न वाजला, काका सायकलसकट गटारापलीकडे गेले, औषधाच्या दुकानाला "सगळ्यांना सगळ्याचा नमस्कार!" असं घाऊक ओरडलो, आणि मग शाळेचं फाटक, आणि ब्रेक.

बारा मिनिटं. एरवी पन्नास लागतात. शाळेत माझ्या आधी फक्त शिपाई आला होता, आणि मला पाहून त्याने घड्याळ हलवून पाहिलं.

त्या संध्याकाळी काटा हललेला नव्हता. मी टिचकी मारली. नाही. दोनदा मारली. मोरेनिकेला बोलावून तिला मारायला लावली.

"हं," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत तिने इतकं छोटं वाक्य बोललेलं मला आठवत नाही.


बुधवारपर्यंत गल्लीत काय काय ठरलं

एक : व्हीपी मुख्याध्यापक झाला, म्हणून आता माणसं दिसेनाशी झाली. हे मामा शिंप्याचं मत.

दोन : व्हीपीने खाली मोकोलाकडे दुसरी बायको केली आणि सकाळी तिच्याकडे चहाला जायची घाई असते. हे मत कुणाचं ते कळलं नाही, पण ते मोरेनिकेला माप देताना तिघींनी सांगितलं, तिघींनीही 'मला काही खरं वाटत नाही' असं म्हणून. मोरेनिके म्हणाली, "त्यांना? एक पोसताना पेट्रोल पुरत नाही."

तीन : गाडीचे ब्रेक गेले आहेत. हे मत माझ्याबद्दल सद्भावना असणाऱ्यांचं. ही मंडळी मला लांबून पाहिलं की पोरंबाळं, शेळ्या, भज्यांची परात उचलून कडेला होत. त्यामुळे रस्ता मोकळा मिळे आणि अ‍ॅव्हरेज आणखी सुधारे.


बुधवार, सकाळी सातला पाच कमी

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी थोडक्यात सांगणार आहे. तिच्यात माझी बाजू फारशी नाही.

आमची गल्ली टेकडीवरून खाली उतरते. बुधवारी मी ताओफीकचा दुसरा सल्ला अमलात आणला. फाटकाबाहेर पडलो आणि इंजिन बंद केलं. गाडी आपली आपण घरंगळायला लागली. आवाज नाही, धूर नाही, खर्च नाही. मला वाटलं, पृथ्वीच मला शाळेत नेऊन सोडते आहे. गुरुत्वाकर्षण मी बावीस वर्षं शिकवलं, पण त्याचा उपयोग त्या दिवशी प्रथम झाला.

उताराच्या ऐन मध्यावर बाबा ओयेलारान यांचं घर. वय ब्याऐंशी, घरमालक संघटनेचे अध्यक्ष. सकाळी या वेळी ते घरात प्रार्थनेत असतात. त्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला दातवण चघळत उभे होते.

बाबांच्या समोरून गाडीतून जाणं नसतं. उतरायचं, जमिनीवर पालथं पडायचं, ते 'ऊठ' म्हणाले की उठायचं. मी ब्रेक दाबला. तो दगड झाला होता. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही दगड होतात, ताओफीक गुरुवारी हेच सांगत होता. उजवा हात स्टीअरिंगला लटकलेला, सोडला तर गाडी बाबांच्या अंगणात. आमच्याकडे चालक डावीकडे बसतो, उघडी खिडकी त्याच बाजूला. आणि बाबा माझ्याकडे बघताहेत.

मी नमस्काराचा हात केला.

डावा.

योरुबा माणूस डाव्या हाताने काय काय करतो ते मराठी वाचकाला सांगायला नको. अध्यक्षांना नमस्कार त्यात बसत नाही. बाबांच्या तोंडातून दातवण पडलं. मी निःशब्द घरंगळत खाली गेलो, हात तसाच बाहेर, कारण तो आत घ्यायचंसुद्धा मला सुचलं नाही.


गुरुवारी फाटकावर चिकटवलेला कागद

ओके-अयो घरमालक संघटना
श्री. आडेगोके, घर क्र. १९, यांस
आपण दि. १२ रोजी चालत्या व आवाज नसलेल्या वाहनातून माननीय अध्यक्षांस जो हात दाखवला त्याबाबत, तसेच त्याआधीच्या दोन दिवसांत न थांबता केलेल्या नमस्कारांबाबत, शनिवारी चार वाजता खुलासा करावा.
ता. क. सार्जंट एफिओंग यांचं बाळंतपण झालेलं नाही, याची नोंद घ्यावी.


काटा : लाल रेषेच्या वर दोन बोटं

शनिवारची सभा आधी ख्रिस्ती प्रार्थनेने सुरू झाली, मग मुसलमानी प्रार्थनेने. दोन्ही प्रार्थनांत 'वाट चुकलेल्यां'चा उल्लेख होता आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

बाबा ओयेलारान म्हणाले, "मला आधी वाटलं, भूत. गाडी आहे, आवाज नाही. मग हात दिसला. म्हटलं, भूत नाही. भुतांना रीत असते."

मी उभा राहिलो आणि खुलासा केला. पेट्रोलचे भाव सांगितले. ताओफीकचं निदान सांगितलं. घरंगळण्याचं शास्त्र सांगितलं, फळा नव्हता म्हणून हवेत आकृती काढली. तेवीस थांबे, एकेका थांब्याला किती पेट्रोल, सगळं मांडलं. अशा वेळी मी चांगला बोलतो.

"म्हणजे," बाबा सावकाश म्हणाले, "आम्हाला नमस्कार करणं तुला महाग पडतं?"

मी बसलो. बावीस वर्षांत वर्गात असा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. रिसिकातची आई खाली बघत होती. तिचा गुडघा कसा आहे ते मला खरंच माहीत नव्हतं, आठवडाभर.

"बाबा, मी उद्या घरोघर चालत जाऊन माफी मागतो."

"चालत का? गुन्हा पायांनी केलास?" बाबा म्हणाले. "गाडीने केलास. गाडीनेच फिरायचं. खालून वर, तेवीसच्या तेवीस. मी बरोबर बसेन."

उद्या रविवार. पंधरवड्याचा शेवटचा दिवस. टाकीत साधारण चार लिटर, आणि मला सूर्यास्तापर्यंत खरं तर गाडी हलवायचीही गरज नव्हती. मी जिंकल्यातच जमा होतो. घरी येऊन हे सगळं मोरेनिकेला सांगितलं.

"मग नाही म्हणायचं होतंत," ती म्हणाली.

"बाबांना?"

"कोलापो तीनला येतोय," ती म्हणाली, आणि माझा पांढरा झगा इस्त्रीला घेतला.


काटा : पाहायचं नाही असं ठरवलं

सकाळचं चर्च सुटल्यावर नऊला सुरुवात. बाबा पुढे, माझ्या शेजारी. पहिल्या घरासमोर मी इंजिन बंद करायला हात नेला.

"राहू दे चालू," बाबा म्हणाले. "आत्ता निघू."

हे 'आत्ता' पस्तीस मिनिटं चाललं.

प्रत्येक घरी मी उतरायचो, पालथा पडायचो, घरचे 'ऊठ, ऊठ' म्हणायचे, आणि मग खरी बैठक. मागे गाडी धगधगत उभी. रिसिकातच्या आईने मला माफ केलं, मग काय काय वाटलं ते सगळं सविस्तर सांगितलं, आणि त्या भरात आलेला नवा राग पुन्हा पहिल्यापासून माफ केला. पाऊण लिटर. मामा शिंप्याच्या सुनेचं बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. अर्धा लिटर, झगा वेगळा. सायकलवाल्या काकांनी माझ्या वडिलांच्या आठवणी काढल्या. वडील गेले त्या वर्षी मी परगावी होतो, काही गोष्टी मला माहीतच नव्हत्या. तिथे किती गेलं ते मी मोजलं नाही.

विसाव्या घरापर्यंत गल्लीतला खडा न् खडा माझ्या पोटाला ओळखायला लागला होता.

शेवटचे सार्जंट. ते वर्दी घालून फाटकात उभे होते. त्यांनी पालथं पडणं नाकारलं आणि सलाम मागितला. "उजव्या हाताने! वर! आणखी वर!" मी सलाम ठोकला. त्याच क्षणी मागे गाडीला एक उचकी लागली, मग दुसरी, आणि ओके-अयो गल्लीत शांतता पसरली.

पावणेतीन. सूर्य डोक्याच्या जरासा पुढे.

माझ्या फाटकात कोलापो उभा होता, गुळगुळीत लागोसी बूट, पांढरा शुभ्र कपडा, आणि हातात पेट्रोलचा दहा लिटरचा कॅन. लागोसचा माणूस कुणाच्या भरवशावर येत नाही.

"दाजी, नमस्कार," म्हणत त्याने दोन बोटं जमिनीच्या दिशेने नेली आणि अर्ध्या वाटेतून परत आणली. लागोसला नमस्कारही घाईतच होतो.

मी किल्ली दिली. मोरेनिके दारात उभी होती. "तिसरा गिअर जरा हळुवार टाक," मी म्हणालो. "तिला सवय नाही."

"दाजी, मासळीला काय कळतंय?"

कॅन रिकामा झाला, गाडी सुरू झाली, आणि उतारावरून कर्कश हॉर्न वाजवत निघून गेली. मी घरात जाऊन मागच्या सीटवर बसलो. तेवढीच गाडी मला उरली होती. थोड्या वेळाने मोरेनिके येऊन शेजारी बसली. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो, प्रवासात बघतात तसे.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

"नको."

"चिडू नका. मासळीला बर्फ घालतात. वास नाही येत."

याला सांत्वन म्हणतात.


साडेपाच

बाहेर हॉर्न वाजला. थकलेला, अर्धा.

कोलापो आत आला. पांढऱ्या कपड्याच्या पोटावर धुळीचा एक लांबलचक पट्टा, गुडघ्यांवर दोन गोल. एका हातात भज्यांचा पुडा, दुसऱ्या हातात जिवंत कोंबडी.

"लागोसहून परत आलास?" मोरेनिकेने विचारलं.

"ताई, मी भज्यांच्या दुकानापर्यंत पोचलो." त्याने भज्यांचा पुडा टेकवला. "चारशे पावलं. अडीच तास. गाडी दिसली की माणसं रस्त्यात! म्हटलं, गाडी मी घेतली. म्हणाले, अरे वा, नव्या गाडीचा नमस्कार! म्हटलं, घाई आहे. म्हणाले, घाईचा नमस्कार! हॉर्न वाजवला तर एक म्हातारा खुर्ची घेऊन रस्त्याच्या मध्ये येऊन बसला."

"बाबा ओयेलारान."

"त्यांनी मला पालथं पाडलं. म्हणाले, दोन बोटांनी नाही चालत, पूर्ण. मग कुणाचा मेहुणा विचारलं. तुमचं नाव सांगितल्यावर म्हणाले, मग परत एकदा. ती भजीवाली बाई गुडघा घेऊन आत येऊन बसली. शिंप्याने मशीन मागे ठेवलं, म्हणे सीट नाही ते बरंच झालं. ही कोंबडी कुणाची आहे मला माहीत नाही. दाजी, ही गल्ली आहे की नाकेबंदी?"

"रविवारी जरा वर्दळ असते," मी म्हणालो.

त्याने किल्ली शिवणयंत्रावर ठेवली. "माझी मासळी सकाळी सहाला पोचावी लागते. तुमची गाडी या गल्लीतून बाहेर पडेतो तिचं सूप होईल. मला नको." आणि तो मोटारसायकलच्या मागे बसून बसस्टँडला गेला. कोंबडी आमच्याकडेच राहिली.

मी मोरेनिकेकडे पाहिलं. मी हरलो होतो, यात वाद नव्हता. सूर्य अजून दिसत होता. गाडी कायद्याने कोलापोची होती आणि कोलापोने ती टाकली होती. याचा निकाल काय, हे तीच सांगू शकत होती, आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोन करायला गेली असेल, असं मला वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा डोक्याला निळं फडकं बांधलेलं होतं, चर्चला बांधते ते, टोक वर काढून.

"कुठे निघालीस?"

"टाकीत किती आहे?"

मी जाऊन टिचकी मारली. "सहा लिटर. सात असेल."

"कोलापोचं?"

"कोलापोचंच."

ती पुढच्या सीटवर बसली, मांडीवर कोंबडी घेतली, काच खाली केली. "ज्याची कोंबडी त्याला देऊ. मग रिसिकातच्या आईकडे, मग शिंप्याकडे बाळ बघायला. मग बाबांकडे. आठवडाभर तुमच्या पायी मला तोंड वर करून कुणाशी बोलता आलं नाही."

"आणि गाडीचं काय ठरलं?"

"काय ठरायचंय? या गल्लीतून ती दुसरं कोण बाहेर काढणार आहे? चला."

मी इंजिन सुरू केलं. पहिल्याच घरापाशी तिने थांबा म्हटलं. मी थांबलो, आणि सवयीने इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेला. तिने माझ्या हातावर चापट मारली.

"चालू राहू दे. पेट्रोल माझ्या भावाचं आहे."